व्हिडिओवर हुंकार देऊ नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. ऑनलाइन वैयक्तिक कोचिंगविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चांगला कॅमेरा घ्या, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, मागची भिंत नीटनेटकी ठेवा. मग प्रत्यक्ष भेटीत जे करता तेच पडद्यावर करता येतं, असा लेखाचा एकंदर सूर होता. मी अकरा वर्षं हे काम करते. (कोचिंग म्हणजे इथे शिकवणी नव्हे. माझ्याकडे येणारी माणसं नोकरीत, व्यवसायात, कधी नात्यांत कुठेतरी अडलेली असतात. मी उत्तरं देत नाही. त्यांची त्यांना ती सापडेपर्यंत प्रश्न विचारत राहते.) माझी भिंत नीटनेटकी होती, उजेडही छान होता, आणि तरीही व्हिडिओवर आल्यानंतरचे पहिले कित्येक महिने माझं काम चक्क वाईट होत होतं. का होत होतं ते लेखात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

गप्प बसता येणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य आहे. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संघटनेने कोचच्या अंगी असाव्यात अशा क्षमतांची यादी केली आहे, तिच्यातही शांततेला आणि थांबण्याला जागा देण्याचा उल्लेख आहे. समोरासमोर मी अवघड प्रश्न विचारून वीस-पंचवीस सेकंद सहज थांबते. माणूस खिडकीबाहेर बघतो, खुर्चीत चुळबुळ करतो, मला कळतं की आत काहीतरी हलतंय. व्हिडिओवर एकदा एका बाईंना मी विचारलं, "तुम्हाला हे पद हवंय, की नको म्हणायची भीती वाटतेय?" त्या स्तब्ध झाल्या. दहा सेकंद गेले, बारा गेले. पापणीसुद्धा हलेना. मला वाटलं, नेट गेलं. मी म्हटलं, "हॅलो, माझा आवाज येतोय ना?" त्या दचकल्या, "हो हो, येतोय," म्हणाल्या आणि भलत्याच विषयावर बोलू लागल्या. दोन महिन्यांनी त्यांनीच सांगितलं, की त्या क्षणी त्यांना रडू फुटणार होतं. नेट ठणठणीत होतं!

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते: मी गप्प झाले तर ऐकतेय असं समजा, लाइन खरंच तुटली तर मी मिनिटाभरात फोन करीन. शिवाय थांबलेली असताना मान किंचित हलवत राहते, म्हणजे माझं चित्र गोठलेलं नाही हे समोरच्याला दिसतं. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण या दोन गोष्टींनी माझी शांतता मला परत मिळवून दिली.

वेळेचं हे गणित आणखी एका ठिकाणी घात करतं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात आपण साधारण २०० मिलिसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ सालच्या एका अभ्यासात सगळीकडे अंतर याच्याच आसपास निघालं. आता कॉलमध्ये आवाज पोचायलाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागले, तर माझा प्रश्न जाणार आणि त्यांचं उत्तर येणार, दोन्ही वेळा तेवढी भर पडते. समोरचा माणूस चटकन उत्तर देतो आणि मला मात्र तो अडखळलेला दिसतो. आम्हा कोच मंडळींना अडखळण्यातून अर्थ काढायची भारी हौस! "इथे तुम्ही थबकलात, का बरं?" असं मी कितीतरी जणांना विचारलं असेल, आणि त्यातले काही जण मुळात थबकलेच नव्हते. हल्ली मी क्षणभराच्या थबकण्यावरून काहीही ठरवत नाही. शब्द बदलला, आवाज खाली गेला, वाक्य अर्धवट सुटलं, तरच विचारते.

आता हुंकाराविषयी. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपण लहानपणापासून जाणतो, आणि मी सवयीने "हं... हं..." करणारी बाई आहे. पण लॅपटॉपच्या स्पीकरवरून बोलताना दोन आवाज एकाच वेळी आले, की प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा पुष्कळदा त्यांतला एक दाबून टाकते. माझा "हं" समोरच्याचा अर्धा शब्द खाऊन टाकायचा. त्यांना वाटायचं मला काही बोलायचंय, आणि ते थांबायचे. प्रोत्साहन म्हणून दिलेला हुंकार तोंड बंद करायला लावत होता. आता मी ऐकताना मानेनंच हुंकार देते आणि दोन्हीकडे इयरफोन असावेत असा आग्रह धरते. आवाजातला गोंगाट गाळणारी सोयही शक्य असेल तिथे बंद करायला सांगते. ती पंख्याची घरघर काढते खरी, पण तिच्याबरोबर उसासेही जातात, आणि मला उसासे हवे असतात.

नजरेचा प्रश्न सगळ्यांनाच ठाऊक आहे: त्यांच्या डोळ्यांत बघावं तर मी खाली बघतेय असं त्यांना दिसतं, कॅमेऱ्यात बघावं तर त्यांचे डोळे मला दिसत नाहीत. मी हातभर मागे सरकून बसते, त्यांची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणते आणि स्वतःचं चित्र झाकून टाकते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओवरच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःचाच चेहरा दिसणं हे एक आहे आणि एका जागी खिळून बसणं हे दुसरं. म्हणून साठ मिनिटांची बैठक मी पंचेचाळीसवर आणली.

काही गोष्टी मात्र पडद्यावर जास्त चांगल्या होतात, हेही सांगायला हवं. दोन खुर्च्यांचं तंत्र घ्या: एका खुर्चीत बसून स्वतःची बाजू मांडायची, उठून दुसरीत बसायचं आणि ज्याच्याशी वाद आहे त्याच्या तोंडून बोलायचं. माझ्या खोलीत माणसं संकोचतात. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्च्यांवर ती चौकटीबाहेर जाऊन बिनधास्त बोलतात. मला फक्त आवाज ऐकू येतो आणि तेवढा पुरतो. आयुष्याची निरनिराळी अंगं दाखवणारं वर्तुळ काढून घ्यायचं असेल, तर मी स्क्रीनवर तक्ता दाखवत नाही. तक्ता आला की माणूस तक्ताच भरत बसतो. साध्या कागदावर काढा आणि कॅमेऱ्यासमोर धरा, असं सांगते. कागद त्यांच्याकडेच राहतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यावर खाडाखोड झालेली दिसते. एखादी बैठक फारच जड झाली, तर दोघंही कॅमेरे बंद करतो, फोन कानाला लावतो आणि आपापल्या जागी चालत चालत बोलतो. नुसता आवाज ऐकणाऱ्याला समोरच्याच्या भावना अधिक अचूक ओळखता येतात, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं होतं. माझा अनुभव वेगळा नाही.

आणि दार. प्रत्यक्ष भेटीत खरी गोष्ट पुष्कळदा दाराशी निघते, चप्पल पायात सरकवताना माणूस म्हणतो, "बाकी, एक सांगायचं राहिलंच." व्हिडिओला दार नाही, एक लाल बटण आहे. ते दाबलं की सगळं संपलं. म्हणून चाळीस मिनिटं झाली की मी वही मिटते, मिटलेली दिसेल अशी धरते आणि म्हणते, "आपलं काम झालं. अजून पाच मिनिटं मी इथंच आहे." सुरुवातीला लोकांना कळत नसे की या पाच मिनिटांत करायचं काय. आता काही जण त्यांच्यासाठीच येतात, असा मला संशय आहे.

एक गोष्ट मला अजून जमलेली नाही. समोरचं माणूस रडू लागलं, की खोलीत मी काही न बोलता पाण्याचा पेला पुढे सरकवत असे. पडद्यावरून म्हणावं लागतं, "पाणी घेऊन या, मी थांबते." माणूस उठून जातं, आणि ते परत येईपर्यंत मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते.

आपली,
एक नियमित वाचक