पेस्टोत तुळस नको, सब्जाची पानं घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेस्टो (बेसिल नावाच्या झाडाची पानं वाटून केलेली इटालियन चटणी) आणि सॉसेज घालून पास्ता करायची रेसिपी आली होती, त्यावरून हे पत्र. असं काही मराठीत छापून आलं याचा आनंदच झाला, आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी रात्रीच्या जेवणाला हाच पास्ता असतो, पण त्यात "बेसिल मिळालं नाही तर तुळशीची पानं वापरा" असं जे लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही. आमच्या सासूबाईंनीच ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "आता वृंदावनातली तुळस चटणीत वाटायची काय गो?" त्यांना खरंच लागलं ते. आणि श्रद्धा बाजूला ठेवली तरी चवीचं काय? आपली तुळस म्हणजे काढ्याची तुळस, लवंगेसारखी उग्र, दोन पानं चहात छान लागतात पण दोन मुठी पानं वाटून पास्त्याला चोळली तर पोरं एक घास खाऊन ताट सरकवतील आणि म्हणतील पेस्टो असाच लागतो.

खरं म्हणजे बेसिल आपल्या घरात असतंच, फक्त आपण त्याला ओळखत नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा, तो बेसिलचाच बी! किराणा दुकानातला दहा-वीस रुपयांचा सब्जा आणून मी कुंडीत टाकला, वर बोटाच्या पेराएवढी सुद्धा माती घातली नाही, नुसती भुरभुरली, आणि आठवड्याभरात कोंब आले. पावसात रोपं कुजतात म्हणून चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर, पाऊस ओसरला की पेरायचं, दीड-दोन महिन्यांत पानं खुडण्याजोगी होतात. तुरे आले की लगेच खुडून टाकायचे, नाहीतर पानं कडवट होतात. या पानांना बडीशेपेचा वास थोडा जास्त असतो हे मान्य. इटलीत जेनोवा शहराच्या आसपास लिगुरियात जे बेसिल पिकतं त्याची पानं लहान नि कोवळी असतात, आणि आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तसं त्या बेसिलच्या नावाला युरोपात २००५ पासून संरक्षण आहे. तेव्हा माझा पेस्टो जेनोवाचा नाही, मी त्याला तसं म्हणतही नाही, पण जात तीच आहे आणि चव त्याच रस्त्यावरची आहे. तुळशीचा रस्ताच वेगळा.

दुसरं काजूंचं. रेसिपीत पाइन नट लिहिलेत आणि पुढे "न मिळाल्यास वगळा". अहो गोव्यात राहून वगळायचं कशाला? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू इथे आणला, तो आपल्या डोंगरांवर असा रुजला की आता आपल्याला तो आपलाच वाटतो, आणि इटलीहून येणाऱ्या पेस्टोच्या बाटल्यांची लेबलं वाचलीत तर कितीतरींवर काजू लिहिलेला सापडेल. अख्खे महागडे काजू नकोतच, बाजारात तुकडा मिळतो तो घ्यावा, कच्चा, खारवलेला नाही.

चौघांसाठी मी साडेतीनशे ग्रॅम पास्ता घेते. पेस्टोला बेसिलची पानं दोन भरगच्च मुठी, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी केलेली, गावठी लसणीच्या दोन पाकळ्या, मूठभर काजू, किसलेलं चीज चार-पाच चमचे आणि अर्धी वाटी ऑलिव्ह ऑइल. पेस्टो हा शब्दच कुटण्यावरून आलाय, तिकडे संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं कुटतात, आपल्याकडे दगडी खल असतोच. आधी लसूण आणि चिमूटभर जाडं मीठ, मग काजू, मग थोडी थोडी पानं, शेवटी चीज नि तेल. मिक्सर वापरायला माझी हरकत नाही, मी सुद्धा घाईत वापरते, पण भांडं फ्रीजमध्ये गार करून आणि थांबून थांबून फिरवायचं, कारण गरम झालं की हिरवा रंग जातो. म्हणूनच पुरवणीत "पेस्टो पाच मिनिटं परतून घ्या" हे वाचून वाईट वाटलं. पेस्टो गॅसवर चढवायचाच नसतो, कोथिंबिरीची चटणी आपण कधी परततो का?

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरांसाठी मुद्दाम लिहिते. खरं पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण, घालून बनवतात, ती त्याची पद्धतच आहे. रेसिपीत ही गोष्ट "शाकाहारींनी सॉसेज वगळावं" एवढंच लिहून सोडून दिलीय. सासूबाई मांस खात नाहीत, त्यांच्यासाठी मी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच चीज आणते आणि त्यांच्या ताटात सॉसेजऐवजी लोण्यावर परतलेली मशरूम.

आता सॉसेज. इटालियन लोक ताज्या डुकराच्या मांसाचं, बऱ्याचदा बडीशेप घातलेलं सॉसेज वापरतात, ते इथे सहज मिळत नाही, फ्रोझन मिळतं त्याला चव नसते. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं सॉसेज, आणते. पण चोरीस वेगळंच प्रकरण आहे हे आधी समजून घ्यायला हवं. मिरची, लसूण, मसाला आणि माडाच्या सुरेचं व्हिनिगर लावून मुरवलेलं, आतड्यात भरून माळा करून उन्हात नि धुरावर सुकवलेलं, पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी, म्हणजे बेगमीसाठी, साठवायचं म्हणून ते इतकं खारट-आंबट-तिखट असतं. आणि ते कच्चं असतं! पुरवणीत "सॉसेज चिरून दोन मिनिटं परता" असं लिहिलंय, कुणी ते चोरिसाला लावलं तर डुकराचं मांस अर्धंकच्चं पोटात जाईल. साल काढायची, आतलं मोकळं करायचं, कांदा नि कपभर पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं.

पहिल्यांदा मी तेच चोरीस पेस्टोत कालवलं होतं, लाल आणि हिरवं मिळून चिखलासारखा रंग झाला आणि बेसिल कुठे लागेचना, व्हिनिगरनं सगळं झाकून टाकलं. मग कळलं की लिगुरियात पेस्टोच्या पास्त्यात बटाटा आणि फरसबी घालतात, त्याच पाण्यात उकडून. आणि आपल्याकडे चोरिसात काय घालतात? बटाटाच की! तिखट-मीठ ओढून घ्यायला. दोन्ही स्वयंपाकघरांत बटाटा आधीपासूनच होता, मला फक्त तो मध्ये ठेवायचा होता.

तर एकाच मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळायचं, मीठ नेहमीपेक्षा कमी कारण चोरीस खारट, दोन बटाट्यांच्या पातळ चकत्या टाकायच्या, पाच मिनिटांनी पास्ता, वरून बोटाएवढी चिरलेली फरसबी. पास्ता पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना लिहिलेला असेल तोच, मैद्याचा लगदा होतो. पाकिटावरच्या वेळेआधी मिनिटभर चाखून बघायचा, दाताखाली जरा लागला पाहिजे. गाळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढायचं हे कधीच विसरू नये, त्यात पिठाचा अंश असतो, त्यानं पेस्टो पास्त्याला धरून राहतो, नाहीतर तेल तळाला आणि पानं वर. गॅस बंद, मोठ्या भांड्यात पेस्टो, त्यात गरम पास्ता-बटाटा-फरसबी, थोडं थोडं ते पाणी घालत कालवायचं. चोरीस ताटात वाढताना वरून, माणशी दोन चमचे, जास्त नाही. ज्याला हवं त्यानं मिसळावं, आणि ताट पुसायला पदेराचा उंडा (बेकरीवाल्याचा गोल पाव) असेल तर आमच्या घरी कुणी दुसरं काही मागत नाही.

पेस्टो उरला तर बाटलीत भरून वर तेलाचा थर द्या, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. जास्त दिवस हवा असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेत गोठवा.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी पुरवणीत एक चौकट टाकावी : तुळस नको, पेस्टो परतू नये, चोरीस पूर्ण शिजवावं. आणि सब्जा पेरायला सध्याचेच दिवस बरे आहेत, पाऊस सरलाय, म्हणून चौकट लवकर आली तर लोकांना नाताळापर्यंत पानं खुडता येतील.

आपली नियमित वाचक,
म्हापसा, गोवा