वहिनींना सांग

ठाणे, रविवार

प्रिय सुधीर,

परवाच्या फोननंतर सारखा तुझाच विचार चालू आहे. 'हिला कॅन्सर आहे हे हिला सांगायचं का?' असं तू विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं असतं, पण तुझ्या मागे घरातली माणसं बोलत होती आणि हे काही मोठ्या आवाजात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय.

तुझे थोरले भाऊ म्हणताहेत, वहिनींना कळू देऊ नका, साधी गाठ आहे म्हणा, कळलं तर ती हाय खाईल. त्यामागे माया आहे, हे मला दिसतं. तरी माझं ऐकशील तर वहिनींना सांग. तू सांग, नाहीतर तिथल्या डॉक्टरांना सांगायला लाव, पण मुंबईला निघायच्या आधी त्यांना कळू दे. अरे, 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं तरी आपल्याकडे अख्ख्या गल्लीला कळतं. परळच्या रांगेत शेजारी बसलेली एखादी बाई सहज विचारणार, "तुमचा कुठला?" तेव्हा वहिनी तुझ्याकडे बघतील. तू काय सांगणार आहेस?

माझ्या नंदाला तिच्या कॅन्सरचं पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, सीए १२५ ही रक्ततपासणी ३५ च्या आत हवी ती शेकड्यांत आली, आणि रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "पोट माझं आहे, मला सांगा." मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. बीजकोशाचा कॅन्सर, स्टेज ३ सी, म्हणजे पोटात पसरलेला. त्या संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून आम्ही दोघं रडलो. ते एकत्र रडणं मला आजही मोलाचं वाटतं. तिच्यापासून लपवलं असतं तर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो असतो आणि ती स्वयंपाकघरात. कारण बायकांना कळतंच, सुधीर. न सांगितल्याने कळायचं राहत नाही, फक्त त्यांना त्यावर बोलता येत नाही.

आणि हा प्रश्न नुसता मनाचा नाही. केमोनंतर आठवड्याभरात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइटपर्यंत ताप चढला तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नसते, रात्री-अपरात्री का होईना, हॉस्पिटल गाठायचं असतं. नंदाला हे ठाऊक होतं, म्हणून तिने मला मध्यरात्री हलवून उठवलं. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही, ती 'ह्यांची झोप कशाला मोडायची' म्हणून चादर ओढून पडून राहील. आपल्या आया अशाच राहिल्या.

वहिनींच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेलाय म्हणालास ना? मग पायातली ताकद कमी वाटली, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि त्यात तासांना किंमत असते. हे लक्ष वहिनींनाच ठेवायला लागेल, तू किती ठेवशील? 'साधी गाठ' समजणारी बाई पाय जड झाले तर वय झालं म्हणेल आणि बाम चोळेल.

सगळं एका दमात ओतायचं असं मात्र नाही. आधी विचार, "तुला किती ऐकायचंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. नंदाला औषधांची नावं, स्कॅन, आकडे सगळं हवं असतं. 'किती महिने' हे तेवढं नको. ते तिने डॉक्टरांनाही बजावून ठेवलंय आणि मीही तिच्या पाठीमागे ते विचारत नाही. मागच्या दिवाळीच्या सुमारास आजार परत आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पूर्ण बरं होणार का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, पण आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू." ती घरी आली, चहा टाकला आणि लेकीला फोन लावला. नंदाच्या तपासणीत बीआरसीए जीनमध्ये दोष निघालाय, त्याने असा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. तो लेकीत आला असण्याची शक्यता ५० टक्के. तपासणी करायची की नाही हे लेकीने स्वतः ठरवावं, पण हे आईच्या तोंडून कळावं, असं तिचं म्हणणं होतं. आईलाच अंधारात ठेवलं असतं तर लेकीला कोण सांगणार होतं?

वहिनी वेगळं बोलतील कदाचित. "तुम्ही आणि डॉक्टर बघा, मला काही सांगू नका," असं म्हणाल्या तर तेही मान. पण ते त्यांना ठरवू दे, भाऊंना नको.

दुखण्याबद्दल. पाठ दुखते, त्या सहन करतात, असं तू कौतुकाने सांगितलंस. सहन करू देऊ नकोस. हाडातल्या दुखण्याला रेडिएशनच्या एकाच डोसने कित्येकदा पुष्कळ आराम पडतो. गोळ्यांत मॉर्फीन लिहून दिलं तर दचकू नकोस. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, घड्याळ लावून घेतलं तर त्याने माणूस सहसा व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ हमखास होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घे. मॉर्फीन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदललाय. आणि पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, विभागात पाठवलं म्हणजे हात टेकले, असा अर्थ काढू नकोस. २०१० साली अमेरिकेत फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर झालेल्यांचा एक अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही मदत मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, आणि ते जगलेही थोडे जास्त. नंदाची केमो चालू असतानाच आम्ही तिथे जायला लागलो. झोप, भूक, बोटांच्या मुंग्या, या गोष्टी निवांत ऐकून घेणारी माणसं तिला तिथे भेटली.

हिचं औषध वहिनींना लागू होईल असं समजू नकोस. त्यांच्या बायोप्सीत ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्यांचं काय आलंय ते विचार. उपचार त्यावर ठरतात. हार्मोनवर वाढणारा असेल तर कदाचित आधी केमो नाही, गोळ्याच देतील. काढे आणि रस घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना प्रेमाने चहा पाज आणि बाटली बाजूला ठेव. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पोटात जाऊ देऊ नकोस.

तू स्वतः जेवतोस का? रोज कुणाशी तरी अर्धा तास मोकळं बोल. मला फोन कर, रात्री अकरालाही चालेल. माझ्याकडे तूच होतास, हे मी विसरलेलो नाही.

आता येण्याचं. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) तिथल्या लॅबमधून मागून घे, नुसता कागद पुरत नाही, टाटात ते स्वतः पुन्हा तपासतात. स्कॅनच्या सीडी, दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड बरोबर असू दे. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या समाजसेवा विभागात विचारू. फाइल जनरलमध्ये काढायची की प्रायव्हेटमध्ये, हे आधी ठरवून ये. पुढे टाटाच्या खारघरच्या केंद्रात बोलावलं तर ठाण्याहून पनवेल लोकल थेट जाते, मी बरोबर असेन. परळला नाना पालकर समितीची आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण ती ज्यांचं इथे कुणी नाही त्यांच्यासाठी राहू दे. तुम्ही आमच्याकडेच उतरायचं. नंदाने आतली खोली रिकामी केलीय. वहिनींशी तिला एकटीने बोलायचंय, आपण दोघं तेव्हा तलावपाळीवर चक्कर मारून येऊ.

एसटीचे धक्के मणक्याला नकोत, गाडी कर, आणि निघण्याआधी प्रवासाचं डॉक्टरांना विचार. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या आधी चार पायऱ्या आहेत. वहिनींना जमतील का ते कळव. नाहीतर सोसायटीची व्हीलचेअर आणि वॉचमनला सांगून ठेवतो.

तुझा,
विनायक