जागरणाने अभ्यास वाढत नाही

माननीय संपादक,

फेब्रुवारीत बारावीची बोर्ड परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट. या काळात सोलापुरातली मुले रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे पाचचा गजर लावून झोपतात. घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. पण तीन तासांच्या झोपेत वाचलेले पक्के होत नाही.

दिवसा शिकलेले आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते राहते. तिथून ते बाह्यपटलात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरते, ते मुख्यतः झोपेत. झोपेची एक फेरी साधारण 90 मिनिटांची. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत जास्त, स्वप्नांची झोप पहाटेकडे. शिकण्याशी जवळचा संबंध असलेले, सेकंद-दोन सेकंद टिकणाऱ्या जलद लहरींचे झुबकेही उत्तररात्रीच्या झोपेत भरपूर उठतात. पाचच्या गजराने नेमकी हीच झोप जाते.

रात्री अकराच्या चहाचेही तसेच. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते, त्याने पेंग येते. चहा-कॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवते; साठा आहे तसाच राहतो. पाच तासांनंतरही निम्मे कॅफीन अंगात असते. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत व्हावा.

वयात येताना शरीराचे घड्याळ तास-दोन तास उशिरावर जाते. सतरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, तो आळस नव्हे. शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असे सांगितले, चांगले झाले. पण उशिराच्या घड्याळाची मुले पुढच्या वर्गांत आहेत आणि त्यांच्या शिकवण्या सकाळी सहाला सुरू होतात!

या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. उठायची वेळ ठरवावी, समजा साडेसहा, आणि रविवारीही तासाभराहून जास्त फरक पडू देऊ नये; अकरापर्यंत लोळले की सोमवारी घड्याळ पुन्हा बिघडते. उठल्यावर वीस मिनिटे उघड्यावर उजेडात जावे. पाठांतर रात्री आठ ते साडेनऊ, मग मोबाईल बाजूला ठेवून अंथरूण. दुपारची डुलकी वीस मिनिटांची. तासभर झोपले तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि डोके जड होते.

मे महिन्यात आणखी एक अडचण असते. झोप लागायला शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते आणि इथला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी धगधगत असतो. रोज पाणी न येणाऱ्या गावात स्लॅबवर पाणी मारा असे कुणाला सांगायचे? ओल्या टॉवेलने हातपाय पुसावेत, मच्छरदाणी लावून गच्चीवर किंवा माळवदावर झोपावे.

अभ्यासिकांनी निदान परीक्षेच्या दिवसांत रात्री साडेनऊला दार लावावे आणि शिकवणीवाल्यांनी पहिली तुकडी साडेसातच्या आधी घेऊ नये, एवढी विनंती.

— मेंदूविज्ञान शिकवणारे दोन शिक्षक, सोलापूर