भूक, पुस्तके आणि क्रांती : बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

बॉर्दो

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, क्रांती पुस्तकांमुळे होते की भुकेमुळे, हा तुमचा प्रश्न फोनवर चार वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. शिवाय आईने मधेच विचारले होते, "आणि या सगळ्यात बायका कुठे होत्या?" तेही तसेच राहून गेले. म्हणून सवडीने लिहिते आहे.

भुकेपासून सुरुवात करते, कारण तिचे महत्त्व कमी लेखणे अन्यायाचे होईल. १७८८ च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट होऊन उभी पिके झोपली, पुढचा हिवाळा कडाक्याचा गेला आणि १७८९ च्या उन्हाळ्यापर्यंत पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून अधिक मजुरी नुसत्या पावात जाऊ लागली. दुसरीकडे राजाची तिजोरी रिकामी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने कर्ज इतके वाढले होते की सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग त्याची फेड करण्यातच संपत असे, आणि कराचा मुख्य बोजा मात्र ज्यांना तो पेलवत नव्हता त्यांच्याच डोक्यावर होता. पण बाबा, चौदाच वर्षांपूर्वी, १७७५ मध्येही धान्य असेच महागले होते. तेव्हा लोकांनी बाजार आणि गोदामे गाठली, व्यापाऱ्यांना रास्त भावाने धान्य विकायला लावले, राजाने सैन्य पाठवले आणि काही आठवड्यांत सारे शांत झाले. त्या दंगलीत मागणी भाकरीची होती. १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, मात्र आम्हाला न विचारता कर बसवण्याचा तुम्हाला अधिकार कोणी दिला, असे विचारले गेले. माणसे घराबाहेर पडली ती भुकेने, यात शंका नाही; परंतु बाहेर पडल्यावर दयेऐवजी हक्क मागायचा, हे त्यांना मधल्या वर्षांतल्या वाचनाने आणि चर्चेने शिकवले होते, असे माझे मत झाले आहे.

या विचारांची वंशावळ तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्लंडमध्ये जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की राजसत्ता ईश्वराने दिलेली नसून शासितांच्या संमतीवर उभी असते, आणि ती लोकांच्या जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्तेवर उठली तर तिला दूर सारण्याचा अधिकार लोकांना असतो. १७७६ मध्ये जेफर्सनने अमेरिकेच्या जाहीरनाम्यात जवळजवळ हाच युक्तिवाद इंग्लंडच्याच राजाविरुद्ध वापरला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तुमची हयात न्यायालयाच्या कचेरीत गेली, म्हणून एका खटल्याबद्दल मात्र विस्ताराने लिहावेसे वाटते.

तुलूझ शहरात झाँ काला नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. तो प्रोटेस्टंट होता आणि गाव कडवे कॅथलिक. ऑक्टोबर १७६१ मधल्या एका रात्री त्याचा थोरला मुलगा दुकानात मृतावस्थेत सापडला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याचा गळा आवळला, अशी आवई गर्दीत उठली आणि न्यायाधीशांनी तिलाच पुरावा मानले. १० मार्च १७६२ रोजी काला यांचे हातपाय चाकावर मोडून त्यांना ठार करण्यात आले. शेवटपर्यंत ते आपण निर्दोष असल्याचेच सांगत होते. फ्रेंच लेखक आणि विचारवंत व्हॉल्तेर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता आणि शेकडो मैलांवर जिनिव्हाजवळ राहत होता. त्याने कागदपत्रे मिळवली, साक्षीदारांचे म्हणणे तपासले, विधवेसाठी पैसे उभे केले, मंत्र्यांपासून राजेरजवाड्यांपर्यंत पत्रे धाडली आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवर एक ग्रंथच लिहिला. १७६५ च्या मार्चमध्ये काला यांना मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आले. त्याच सुमारास, १७६४ मध्ये, मिलानच्या बेक्कारिया या तरुणाने छळ करून मिळवलेल्या कबुलीजबाबाला काडीची किंमत नसते, हे तर्काने सिद्ध करून दाखवले. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानावे, हे तत्त्व तुम्ही नोकरीत रोज पाहिले. फ्रान्सच्या २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील नववे कलम तेच सांगते, आणि त्यामागे त्या चाकाची आठवण आहे.

राज्यव्यवस्थेवर लिहिणारा विचारवंत माँतेस्क्यू तर इथलाच. त्याची खंदकाने वेढलेली गढी बॉर्दोपासून वीसेक किलोमीटरवर ला ब्रेद येथे अजून उभी आहे. तो द्राक्षमळ्यांचा मालक होता, वाइन इंग्लंडला पाठवीत असे, आणि बॉर्दोच्या उच्च न्यायपीठात काही वर्षे न्यायाधीश होता. राजाचे अधिकारी आणि न्यायपीठ यांच्यातली ओढाताण त्याने आतून पाहिली होती. १७४८ मध्ये निनावी छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने लिहिले की कायदा करणारा, तो अमलात आणणारा आणि त्यानुसार न्याय देणारा हे तिघे एकाच हातात आले तर स्वातंत्र्य उरत नाही, मग तो हात राजाचा असो, सरदारांचा असो की खुद्द जनतेचा. शेवटच्या शब्दांकडे बाबा, मुद्दाम लक्ष द्या. चांगला राजा मिळावा म्हणून प्रार्थना करण्यापेक्षा, वाईट राज्यकर्ता आला तरी त्याला फार नुकसान करता येऊ नये अशी रचना करावी, हा मला त्या शतकातला सर्वांत मोलाचा विचार वाटतो. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या लोकांनी अमेरिकेची राज्यघटना याच आराखड्यावर बेतली. फ्रेंच जाहीरनाम्याच्या सोळाव्या कलमाने तर असे म्हटले की ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी ठरलेली नाही, त्या समाजाला राज्यघटनाच नाही. मामलेदारच सारा वसूल करी आणि तोच मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी, त्या काळच्या गोष्टी तुम्ही जुन्या शिरस्तेदारांकडून ऐकल्या आहेत. आपल्या संविधानाच्या पन्नासाव्या कलमात न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे जे निर्देशक तत्त्व आहे, त्याचे मूळ शोधत गेले तर वाट या गढीपाशी येते.

फ्रान्सने स्वतः मात्र आपले ते सोळावे कलम चार वर्षांत पायदळी तुडवले. १७९३ मध्ये परकीय सैन्ये सीमेवर असताना कायदे करणाऱ्या सभेनेच समित्यांमार्फत कारभार हाती घेतला आणि क्रांतिकारी न्यायालयही तिच्याच मुठीत राहिले. १७९१ मध्ये देहान्त शिक्षा रद्द करा असे सभेत कळकळीने सांगणारा क्रांतिकारक नेता रोबेस्पिएरच या राजवटीचा चेहरा बनला. जून १७९४ च्या कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि निकालाचे दोनच पर्याय ठेवले: सुटका किंवा मृत्यू. सुमारे सतरा हजार माणसांना रीतसर निकाल देऊन मारण्यात आले. यावरून विवेकवादच रक्तपाताला जबाबदार होता, असे म्हणणारे इथेही भेटतात. मला ते पटत नाही. जनतेची इच्छा एकच असते आणि ती आम्हालाच कळते, असे मानणाऱ्यांनी माँतेस्क्यूने सांगितलेले बांध फोडले आणि मग जे व्हायचे तेच झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरे तर लिहायला घेतले, तिच्याकडे येते. बॉर्दोच्या नदीकाठावर अठराव्या शतकातल्या पिवळसर दगडाच्या देखण्या इमारतींची रांग आहे. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एकेक दगडी मुखवटा कोरलेला असतो: वरुणदेव, द्राक्षांचे घोस ल्यालेला मद्यदेव, हसणाऱ्या स्त्रिया. चालता चालता वर पाहत गेले की मधेच एखादा चेहरा आफ्रिकी माणसाचा दिसतो. ही समृद्धी कुठून आली, हे तो चेहरा सांगतो. या बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी पाचशेच्या आसपास सफरी निघाल्या आणि लाखाहून अधिक माणसे अटलांटिकपार नेली गेली. त्याहून मोठा व्यापार गुलामांच्या श्रमातून पिकलेल्या साखरेचा आणि कॉफीचा होता, आणि तो मुख्यतः सँ-दोमँग या वसाहतीशी, म्हणजे आजच्या हैतीशी, चाले. १७८९ मध्ये तिथे जवळपास पाच लाख गुलाम होते. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात, असे जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात लिहिणाऱ्या फ्रेंच सभेत या मळ्यांच्या मालकांचे प्रतिनिधीही बसले होते. मानवजात या शब्दात कोण कोण येते, हे लिहिणाऱ्यांनी आपापल्या सोयीने ठरवून ठेवले होते. जेफर्सनच्या मळ्यांवर त्याच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून राबली, हेही इथेच नोंदवते.

वसाहतीतला व्हँसाँ ओझे हा स्वतंत्र, सधन, मिश्रवंशीय गृहस्थ १७८९ मध्ये पॅरिसला होता. आपल्यासारख्यांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्याने खटपट केली, यश आले नाही, तेव्हा परत जाऊन त्याने उठाव केला. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर मोडून ठार करण्यात आले. काला यांच्यासाठी सारा युरोप हळहळला होता. तेच चाक समुद्रापलीकडे, जाहीरनाम्यानंतरही, फिरत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुलाम उठले आणि साखरेचे मळे पेटले. त्यांतून तुसाँ लुव्हेर्त्यूर हा पूर्वाश्रमीचा गुलाम सेनापती म्हणून पुढे आला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा तिथे सँ-दोमँगचा प्रतिनिधी म्हणून झाँ-बातिस्त बेले हा स्वकष्टाच्या पैशाने सुटका विकत घेतलेला कृष्णवर्णीय माणूस बसलेला होता. ते औदार्य नव्हते, कारण वसाहतीतल्या गुलामांनी आपली मुक्ती काही महिन्यांपूर्वीच लढून पदरात पाडून घेतली होती. सभेने तिला कायद्याचे रूप दिले.

नेपोलियनने १८०२ मध्ये सैन्य पाठवून हे सारे उलटवू पाहिले. त्या मोहिमेतल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवले आहे की क्रेत-आ-पिएरो या किल्ल्याला वेढा घातलेला असताना रात्री आतून बंडखोरांच्या आवाजात फ्रेंच प्रजासत्ताकाचीच देशभक्तिपर गीते ऐकू येत. ती ऐकून फ्रेंच शिपाई अस्वस्थ होऊन अधिकाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत, जणू न्याय पलीकडच्या बाजूला आहे की काय, असे विचारत असावेत. बाबा, मला तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या गीतांत सापडते. पुस्तकातला विचार ज्यांच्यासाठी लिहिलेला नव्हता, त्यांनी तो लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतला आणि तेव्हा त्याचा अर्थ पुरा झाला. तुसाँ फ्रान्सच्या डोंगरी तुरुंगात एप्रिल १८०३ मध्ये मरण पावला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे उभी करून मळेवाल्यांची भरपाई म्हणून हैतीवर पंधरा कोटी फ्रँकचा बोजा लादला, ही गोष्ट इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाचे मानवी हक्कांवरचे पुस्तक तरुणपणी वाचले आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पेनच्या डोळ्यांसमोर पुण्यातला शूद्रातिशूद्र नव्हता, पण जोतीरावांनी तो हक्क त्याच्या नावावर मांडला. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. सगळे चांगले विचार युरोपातूनच निघाले, असे माझ्या पत्रावरून वाटू नये म्हणून हे आवर्जून लिहिते.

आई, आता तुझा प्रश्न. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पाव मागत राजाच्या व्हर्सायच्या राजवाड्यावर चालत गेलेल्या हजारो जणी बाजारातल्या सामान्य बायका होत्या, आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला आणायला त्यांनीच भाग पाडले. तरीही १७९१ च्या राज्यघटनेने त्यांना मताचा हक्क दिला नाही. त्याच वर्षी ओलँप द गूज हिने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा कलमवार लिहून काढला. स्त्रीला फाशीच्या चौथऱ्यावर चढण्याचा हक्क आहे, तर भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असे तिने त्यात म्हटले. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या स्त्रियांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला, म्हणजे आपल्या संविधानाच्या जेमतेम सहा वर्षे आधी! आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना कित्येक बायकांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद केली, आणि अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावे यादीतून वगळावी लागली. तुझ्या आईने आणि आजीने तेव्हा आपले नाव कसे नोंदवले होते, हे तुला आठवत असेल किंवा मामांना विचारता आले, तर मला अवश्य कळव. बाबांनीही जुन्या शिरस्तेदारांच्या त्या गोष्टी सवडीने लिहून काढाव्यात.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
शुभा