साप खात नाही म्हणून त्याचा जबडा उघडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या पाळीव प्राण्यांच्या सदरात एका वाचकाचा प्रश्न आला होता. घरी आणलेले बॉल पायथन या छोट्या अजगराचे पिल्लू पंधरा दिवस झाले तरी काहीच खात नाही, काय करावे? आणखी आठवडाभर वाट पाहा आणि मग चिमट्याने तोंड उघडून भरवा, असे उत्तर छापले होते. ते वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षे बंदिस्त पैदाशीतले साप पाळते आहे. 'हा खातच नाही' म्हणून लोकांनी हात टेकलेले सापही माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांना भरवावे लागले नाही, त्यांची पेटी मात्र बदलावी लागली.

पंधरा दिवस उपाशी म्हटले की आपल्या पोटात कालवते, ते साहजिक आहे. पण साप अंगातली ऊब स्वतः तयार करत नाही, त्यामुळे नुसते पडून राहण्याचा त्याचा खर्च अगदी थोडा असतो. बर्मी अजगरावर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचे आतडे आक्रसून जाते आणि भक्ष्य पोटात गेल्यावर एक-दोन दिवसांत त्या आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे एरवी पचनाचे सगळे काम बंदच असते. ते सुरू होऊन नीट चालायला बाहेरून ऊब लागते. थंड पेटीतल्या सापाच्या घशात उंदीर कोंबला तर तो पोटात सडतो आणि दोन-तीन दिवसांनी साप तो ओकून टाकतो. एकदा ओकला की पुढचे निदान दहा दिवस त्याला काही देता येत नाही. भरवण्याच्या नादात उपास आणखी लांबतो, तो असा.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. दिवसभर उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत अंग चोरून बसायचे आणि अंधार पडला की बाहेर पडायचे, हा त्याचा स्वभाव. थंडीत आणि विणीच्या हंगामात मोठे नर कित्येक महिने तोंडात काही घेत नाहीत, आणि वजन फारसे उतरत नसेल तर त्यात काळजीचे काही नसते. अंडी पोटात असलेली मादीही खाणे सोडते. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हाही बहुतेक साप खात नाहीत. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पोटातल्या बलकावर असते, पहिली कात टाकेपर्यंत त्याच्यापुढे काही धरूच नये.

अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका पिल्लाचे सांगते. पेटी चारी बाजूंनी काचेची, लांबरुंद, वरून पांढरा दिवा. मालकाने मनापासून सजवलेली. तापमापक वरच्या काचेला चिकटवलेला आणि त्यावर 32 अंश. मी त्याची तार जमिनीवर, साप बसतो तिथे टेकवली तेव्हा आकडा 26 वर आला. पिल्लू पाण्याच्या वाटीमागे, कोपऱ्यात, स्वतःच्या वेटोळ्याखाली डोके घालून बसलेले. ज्या सापाला चारी बाजूंनी माणसे हलताना दिसतात, तो कसला शिकारीचा विचार करणार?

तीन बाजूंना काळा कागद लावला. लपायला दोन जागा केल्या, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. दोन्ही सारख्या आणि इतक्या अरुंद की आत बसल्यावर अंगाला सगळीकडून स्पर्श व्हावा. एकच जागा असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतले एक सोडावे लागते. खालून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणि तिची ऊब ठरावीक ठेवायला थर्मोस्टॅट. उबदार लपणीची जमीन 31-32 अंश, गार बाजू 25-26. मोकळ्या जागेत चुरगाळलेले कागद भरले. मग आठवडाभर पाणी बदलण्यापलीकडे पेटीत हात घातला नाही. नव्या घरात आलेल्या प्रत्येक सापाला एवढी शांतता मिळालीच पाहिजे. पाहुण्यांना दाखवायला म्हणून रोज उचलून घेतलेला साप खात नाही, यात त्याचे काय चुकले?

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू वितळू द्यावा. मग पिशवीत घालून गरम पाण्यात, आतपर्यंत ऊब पोचेल इतका वेळ. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. बाहेर काढून कोरडा करावा, आणि डोक्याकडचा भाग हाताला स्पष्ट उबदार, साधारण 38 ते 40 अंश लागला पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला भक्ष्याची ऊब जाणवते. थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. त्या पिल्लापुढे मी संध्याकाळी दिवे मालवून लांब चिमट्याने उंदीर मागच्या बाजूने धरला, तोंडावर न नेता लपणीच्या दाराशी. आधी जीभ भराभर आत-बाहेर होत होती, मग संथ झाली. मान मागे ओढली गेली, तिला बाक आला आणि क्षणात झेप. उंदराभोवती दोन वेढे पडले, तशी मी चिमटा सोडला आणि पेटी झाकली. त्यानंतर दोन दिवस त्याला कोणी उचलले नाही.

डोके फिरवले किंवा मागे सरकला तर लगेच थांबावे. उंदीर लपणीच्या तोंडाशी ठेवून द्यावा, पुष्कळ साप रात्री एकांतात घेतात. सकाळी राहिला असेल तर टाकून द्यावा, पुन्हा गोठवू नये. पुढचा प्रयत्न पाच-सात दिवसांनी. रोज नाकापुढे उंदीर नाचवणारे लोक सापाला रोज घाबरवत असतात. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. आणि साप घेतानाच विचारून ठेवावे की तो आजवर काय खात होता, मोठ्या जातीच्या उंदराचे (रॅटचे) पिल्लू की छोटा उंदीर (माउस), जिवंत की गोठवलेला. बॉल पायथन ओळखीच्या भक्ष्याला घट्ट धरून राहतो.

जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडणे हा तर निव्वळ अत्याचार आहे. माझ्याकडच्या एका सापाच्या पाठीवर कण्याच्या रेषेत खवलेच नाहीत, नुसती गुळगुळीत कातडी आहे. न खाणाऱ्या सापासोबत ठेवलेल्या भुकेल्या उंदराने तो भाग कुरतडला होता.

कॉर्न स्नेकची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या या सापाची पिल्ले जंगलात लहान सरडे आणि बेडूक खातात. त्यांना उंदराचे गुलाबी पिल्लू अन्न वाटत नाही यात नवल नाही. वितळवलेले ते उंदराचे पिल्लू बिनवासाच्या साबणाने धुऊन, स्वच्छ खळबळून त्यावर सरड्याची कात चोळली की पुष्कळदा काम होते. हवेची भोके पाडलेल्या छोट्या डब्यात, कागदाच्या घड्यांत साप आणि ते पिल्लू रात्रभर एकत्र ठेवावे. त्यानेही जमले नाही तर उंदराच्या त्या मेलेल्या पिल्लाच्या कवटीला छोटी चीर देतात. वाचायला ओंगळ वाटेल, पण मेंदूच्या वासाने सापाची हट्टी पिल्लेही तोंड लावतात. खायला लागले की वास दर खेपेला थोडा कमी करत न्यावा.

या सगळ्यात खरा आधार वजनकाट्याचा. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करून वहीत लिहावे. आकडा स्थिर असेल तर धीर धरावा. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरले, पाठीचा कणा टोकदार दिसू लागला, साप तोंड उघडून श्वास घेतो आहे, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ येते आहे, हिरड्यांवर पू दिसतो आहे, पोटाचा मधला भाग सुजला आहे, गिळलेले पुन्हा पुन्हा ओकतो आहे, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. जंगलातून धरून आणलेले साप तर अनेकदा खाणे टाकतात आणि पोटात जंतही घेऊन येतात. असे साप कोणी घेऊच नयेत.

तोंड उघडून भरवण्याची वेळ कधी येतच नाही, असे मी म्हणत नाही. झपाट्याने वजन गमावणाऱ्या पिल्लाला ते करावे लागते, पण ते पशुवैद्याने किंवा हात बसलेल्या माणसाने करायचे काम आहे. पिल्लाच्या जबड्याची हाडे काडीहून बारीक असतात. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडते, तिथे काही अडकले तर जीव जातो. वाचला तरी त्या चिमट्याची धास्ती राहते आणि पुढच्या वेळी उंदीर दिसताच तो पळ काढतो.

म्हणून विनंती की सदराच्या पुढच्या अंकात ते उत्तर दुरुस्त करून छापावे, आणि सापाविषयीचे प्रश्न यापुढे सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवून मगच उत्तर द्यावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या वाचकाचा पत्ता आपल्याकडे असेल तर हे पत्र आजच त्यांना पाठवा. छापलेल्या उत्तरात वाट पाहायला सांगितलेला तो आठवडा संपत आला आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक