घाटात सायकलच्या दांडीवर बसणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की शहादा-म्हसावद रस्त्याने तोरणमाळकडे निघालेली सायकलवाली मुले पहाटेपासून दिसू लागतात. पोरे मोबाइल सोडून घाट चढतात याचा आनंदच आहे. पण परतताना सातपायरी घाटात त्यांतली काही जण सीट सोडून पुढच्या दांडीवर बसतात, हनुवटी हँडलला भिडवतात आणि सायकल मोकळी सोडतात. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. ही तऱ्हा व्यावसायिक शर्यतींचे व्हिडिओ पाहून आली आहे. त्या शर्यतींत ती केव्हाच बंद झाली, हे मात्र मुलांना कोणी सांगितलेले नाही.

२०१६ च्या टूर द फ्रान्स या नामांकित सायकल शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूम असाच दांडीवर बसून पेरसूर्द घाट उतरला आणि १३ सेकंदांनी तो टप्पा जिंकला. पुढे ही टूम पसरली. अखेर यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून रोड रेसमध्ये दांडीवर बसायला आणि हँडल हातांनी न धरता त्यावर कोपरापासून पुढचे हात टेकवून चालवायला बंदी केली. त्याच महिन्यात बेल्जियममधील लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत दांडीवर बसला म्हणून रिचर्ड कारापाझला बाद केले. त्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेला हा खेळाडू!

कारण साधे आहे. दांडीवर बसले की अंगाचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे हलके होते. अचानक ब्रेक दाबावा लागला तर सायकल सावरणे कठीण. खड्डा आला तर पायांवर उठून धक्का झेलता येत नाही. हात टेकवून चालवणाऱ्याची बोटे तर ब्रेकपासून दूरच असतात.

खरा धोका रस्त्याचा आणि शर्यतीच्या आखणीचा आहे, बसण्याचा नाही, असे काही खेळाडू तेव्हा म्हणाले. त्यात तथ्य आहे. बंदीनंतरही, २०२३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला घाट उतरताना जिनो मेडर हा सायकलपटू दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. तिथे वाहतूक बंद होती, डॉक्टर काही मिनिटांत पोहोचले होते. आपल्या घाटात पावसाने दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असतात, वळणावर शेळ्या बसलेल्या असतात, समोरून खचाखच भरलेली जीप येते. पोरगा पडला तर त्याला शहाद्यापर्यंत आणायलाच किती वेळ जाईल!

म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये राइड आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. प्रवेश अर्जावरच लिहा की उतारावर बूड सीटवर आणि बोटे ब्रेकवर हवीत, नाहीतर स्पर्धक बाद. अवघड वळणांवर झेंडा घेतलेला एकेक कार्यकर्ता उभा करा. आणि संपादक महोदय, दांडीवर बसून घाट उतरणाऱ्यांचे फोटो 'थरार' म्हणून आपण कृपया छापू नयेत. पोरे ती कात्रणे जपून ठेवतात.

आपला,
एक पालक व सायकलप्रेमी वाचक,
शहादा, जि. नंदुरबार