प्रक्षेपणाच्या बातमीत वरच्या टप्प्यालाही जागा द्या

संपादक महोदय,

श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपण झाले की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आगीच्या लोळावर उठणाऱ्या रॉकेटचे छायाचित्र येते, आत उपग्रहाची माहिती आणि अभिनंदनाचे संदेश. उपग्रहाला कक्षेपर्यंत नेणाऱ्या वरच्या टप्प्यातल्या इंजिनाबद्दल मात्र फार तर एखादी ओळ. आपल्या दैनिकाने हे बदलावे, म्हणून हे पत्र.

चांद्रयान-३ चेच उड्डाण घ्या, १४ जुलै २०२३ चे. छायाचित्रात धगधगताना दिसतात ते घन इंधनाचे बूस्टर दोन मिनिटांच्या थोडे पुढे गळून पडले. उड्डाणानंतर पाच मिनिटांनी वरच्या टप्प्यातले सीई-२० हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारे, इंजिन सुरू झाले आणि दहा मिनिटांहून अधिक काळ चालले. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन, उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन, आणि ज्वलनकक्षात काही हजार अंशांची आग! तो कक्ष वितळत नाही, कारण जळण्याआधी हाच थंडगार हायड्रोजन त्याच्या भिंतींतल्या बारीक वाहिन्यांमधून फिरवला जातो. हे वाचून आठवी-नववीतले मूल थक्क होईल, पण त्याला ते वाचायला मिळाले पाहिजे.

अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये रशियाने हे तंत्रज्ञान द्यायचे नाकारले, फक्त तयार इंजिने दिली. आपले स्वतःचे पहिले क्रायोजेनिक इंजिन एप्रिल २०१० मध्ये पहिल्याच उड्डाणात अपयशी ठरले आणि ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा घात झाला. हायड्रोजनच्या टाकीवरची एक झडप गळली, दाब उतरला, इंजिन पेटलेच नाही आणि उपग्रह गमावला. ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच छापले तर वाचकाला यातले काय कळणार?

मुंबईच्या वृत्तपत्राने तर हे आवर्जून लिहावे. द्रव इंधनाची ‘विकास’ इंजिने आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग आमच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात. चांद्रयान उतरले तेव्हा इथे पेढे वाटले गेले, पण ते वेल्डिंग करणारे हात कोणाचे, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते.

पुढच्या प्रक्षेपणाच्या सकाळी वरच्या टप्प्याची एक आकृती मराठीत छापा: इंधन कोणते, इंजिन केव्हा पेटणार, किती वेळ चालणार. आणि परवानगी मिळाली तर या कामगारांपैकी एखाद्याची मुलाखतही घ्या.

— एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)